भूकंपाच्या गावात आमचं काय चुकलं

कुठे पूर आला, दरड कोसळली, भूकंप झाला की कॉलेजातली मुलं-मुली मदतीला निघतात. निघण्याआधी त्यांच्यातलं कुणीतरी माझ्याकडे येतं, कारण मी किल्लारीच्या भूकंपात काम केलं होतं हे त्यांना कुणाकडून तरी कळलेलं असतं. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: काय काय न्यायचं? इतकी वर्षं मी त्यांना याद्या करून देत आले. आता वाटतं, याद्यांऐवजी आमच्या हातून त्या गावाचं काय नुकसान झालं ते सांगावं. ज्या माणसांनी पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला बसवून आपल्या वाटणीची भाकरी वाढली, त्यांचंच आपण नुकसान केलं हे तोंडाने बोलणं मला फार जड गेलं. म्हणून ते आता लिहून काढते आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं घरात गाढ झोपली होती आणि चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली. लातूरचा औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबादचा उमरगा, हे दोन तालुके सगळ्यांत जास्त भरडले गेले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, तळणी ही गावं जवळजवळ भुईसपाट झाली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. तोवर देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. आदल्याच वर्षी किल्लारीला हादरे बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. पण एवढं काही होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तेव्हा सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्याकडेही भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले.

पहिल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. लष्कर आलं होतं, डॉक्टर आले होते, ठिकठिकाणी सामुदायिक चिता पेटत होत्या. आम्ही पाणी दिलं, नावं लिहून घेतली, जखमींबरोबर दवाखान्यात बसलो. त्यात आमचं वेगळं असं काही नव्हतं. दसऱ्याच्या आसपास आमच्या कॉलेजने ठरवलं की तेरणेच्या खोऱ्यातलं एक गाव धरायचं आणि तिथली माणसं आपल्या पायावर उभी राहीपर्यंत आळीपाळीने तिथे राहायचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या चुका इथूनच सुरू झाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा हस्ताचा पाऊस पडून गेला होता आणि रानाला वाफसा आला होता. मराठवाड्यात रब्बीची ज्वारी पेरायची ती हीच वेळ. गावातले पुरुष सकाळी उठून रानात जात. आम्ही दुपारी भजन ठेवलं, मुलांचे खेळ ठेवले, कारण माणसांचं मन रमवलं पाहिजे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. कार्यक्रमाला म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी येत. ज्याच्या घरातली माणसं जाऊन महिना झाला न झाला तो पेरायला कसा जातो, हे आमच्यातल्या काही जणांना पचत नव्हतं, आणि मीही त्यांच्यातली एक होते. एक दिवस एका शेतकऱ्याने मला विचारलं की ब्लँकेटं घेऊन येणाऱ्या ट्रकमधून उमरग्याहून तिफणीचे फण आणता येतील का. त्याची दोन मुलं गेली होती, एक बैल दगडाखाली मेला होता आणि तिफण ढिगाऱ्यात होती. मी म्हणाले, मामा, आमच्याकडे कपडे, भांडी आणि धान्याचीच मागणी लिहायला सांगितली आहे. ते काही न बोलता गेले.

त्यांनी शेजारच्या गावातून पाव्हण्याची तिफण आणली, पण तोवर वाफसा उडाला आणि अर्धं रान पडीक राहिलं. असं बऱ्याच घरांचं झालं. रब्बीची ज्वारी पेरली नाही तर माणसाची भाकरी जाते आणि जनावराचा कडबाही जातो, हे मला पुस्तकात वाचूनही कळलेलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात आम्हीच सोलापुरात दुकानादुकानांतून चाऱ्यासाठी देणग्या मागत फिरलो. तेव्हा फण, दोर आणि चार-दोन बैलजोड्या भाड्याने मिळवून दिल्या असत्या, तर त्या देणग्या मागायची वेळच आली नसती. दुःख झालेलं माणूस कामाला जातं ते दुःख विसरलं म्हणून नव्हे, हे मला त्या गावाने शिकवलं. पण शिकवण्याची किंमत त्यांनी मोजली.

कपड्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

राज्यातून आणि देशभरातून कपड्यांचे ट्रक येत होते. गावाबाहेर शाळेच्या पटांगणात त्यांचा ढीग पडला होता. त्यात जीन पँटी होत्या, गाऊन होते, रेशमी साड्या होत्या. गावातल्या बायका नऊवारी लुगडं नेसणाऱ्या; त्यांना सहावारीचं काय करायचं ते कळेना. लेकरांनी शर्ट घातले, पुरुषांनी पँटी घातल्या, उरलेलं पावसात भिजलं. आम्ही ढीग वर्गवार लावले, घरटी कार्ड केली आणि वाटप अगदी शिस्तीत पार पाडलं. आपण चांगलं काम केलं याबद्दल आमच्या मनात शंकाही नव्हती.

त्यानंतर शहरातल्या एका देणगीदाराकडून शिवणयंत्रं मिळाली. घरातला कर्ता गेलेल्या बायकांना शिवण शिकवायचं, म्हणजे त्या घरबसल्या चार पैसे मिळवतील, ही योजना माझीच. तिचा कागद मी स्वतः लिहिला होता. किती महिला, किती महिन्यांत शिकतील, दिवसाला किती कपडे शिवतील, किती कमावतील, सगळा हिशेब मांडला होता. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून त्या कागदाचा मला अभिमान होता. त्या हिशेबात कपडे विकत घेणार कोण, याची एक ओळसुद्धा नव्हती. ज्या गावात आम्हीच घराघरात गाठोडी पोचवली होती, त्या गावात नवा कपडा शिवून घ्यायला कोण येणार होतं?

सोलापूरहून एक शिवणशिक्षिका यायच्या, पत्र्याच्या लांब शेडमध्ये वर्ग भरायचा. बायका येत. लहान मुलींचे फ्रॉक, पेटीकोट, पिशव्या असं शिकवलं जाई. माघात ज्वारीची काढणी सुरू झाली तेव्हा निम्म्या बायका येईनाशा झाल्या. मी घरोघरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. एका मावशींनी वर्गात बसल्या बसल्या मला सांगितलं, "काढनीला गेलं की ज्वारी मिळती ओ ताई. हितं बसून काय मिळंल? पन तुमी लेकरं लांबून आलाव, नगं कसं म्हनावं." त्या काढणीला गेल्या असत्या तर वर्षाची काही पोती घरात आली असती. आमच्या भिडेपोटी त्या फ्रॉकच्या बाह्या जोडत बसल्या होत्या.

गावात एक शिंपी होते. साठीच्या आसपासचे, अंगाने बारीक, कमी बोलणारे. जुन्या गावठाणात बाजारगल्लीला त्यांची ओसरी होती, तिथे ते सदरे, चोळ्या, परकर, शाळेचे गणवेश शिवत. शेतकऱ्यांकडून पैसे सुगीला येत. भूकंपात त्यांची बायको आणि धाकटा मुलगा गेला. मी त्यांना रोज पाहत होते, कारण वर्गाच्या शेडसमोरच त्यांची शेड होती. दाराशी पोतं अंथरून ते मशीनची मुंडी पुसत बसायचे. थोरल्या मुलाने ती ढिगाऱ्यातून उकरून काढली होती. लाकडी टेबल चुरा झालं होतं, खालचा पायडलचा लोखंडी भाग वाकला होता, चाकाची एक बाजू तुटली होती. मुंडीत माती जाऊन गंज धरला होता. वाटीत रॉकेल घेऊन, जुन्या चिंधीने आणि सुईच्या टोकाने ते एकेक फट साफ करत. तेल घालून चाक हाताने फिरवून बघत, सुई अर्ध्यावर अडके, मग पुन्हा उघडत. आमच्या शेडमधून नव्या यंत्रांचा आवाज त्यांना दिवसभर ऐकू जात होता.

मी त्यांच्याकडे गेले तेही आमच्या एका यंत्राचा धागा सारखा तुटत होता म्हणून. त्यांनी येऊन दोन मिनिटांत शटल काढून बसवून दिलं. मी म्हणाले, मामा, तुम्हीच शिकवा ना या बायकांना. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धा बाया शिंपी करायलाव. गावाला एक शिंपी पुरत नव्हता का? आन् कापडं तर तुमीच वाटलाव. मी कुनाचं शिवू?" आवाजात राग नव्हता. मी विचारलं, तुम्हाला काय लागेल? त्यांनी बोटांवर मोजलं: पायडलचा सांगाडा, एक टेबल, चाक, आणि कापडाचे दोन तागे उधारीवर. जून महिन्यात शाळा सुरू होतात, गणवेश शिवून देतो, तेवढ्यात उधारी फिटते.

त्यांनी सांगितलेला खर्च आमच्या एका नव्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी होता. हा शिंपी गावात पहिल्या दिवसापासून होता, त्याचं काम त्याला येत होतं, त्याची गिऱ्हाइकं ठरलेली होती. आणि आम्ही महिनोन्‌महिने समोर बसून त्याला "भूकंपग्रस्त" या रकान्यात मोजत होतो. सांगाडा आणि टेबल आम्ही दिलं, कापडाच्या दुकानदाराकडे शब्दही टाकला. पण तोवर जून आला होता. गावच्या शाळेचे गणवेश त्या वर्षी एका दानशूर मंडळाने फुकट वाटले. मंडळाला मीच यादी पाठवली होती, महिन्याभरापूर्वी, आणि ती यादी माझ्या लक्षातच राहिली नव्हती. शिंपीमामा पुढे मुलाबरोबर लातूरला गेले आणि एका दुकानात काजं-बटणं करायला लागले. गावात ते परत आले नाहीत. शिवणवर्गाच्या यंत्रांपैकी बहुतेक वर्षभरात उमरग्याच्या बाजारात विकली गेली. बायकांनी विकली यात मला त्यांचा दोष कधीच वाटला नाही. त्यांना पैसे हवे होते, फ्रॉक नको होते.

बांधकामाच्या बाबतीतही आम्ही असंच केलं, फक्त त्यात थोडक्यात निभावलं. बालवाडीची खोली श्रमदानातून बांधायची असं ठरलं होतं. आम्ही दगड वाहत होतो, माल कालवत होतो, हाताला फोड येत होते. गावातले गवंडी आणि वडार मंडळी बाजूला बसून बघत. त्यांचं काम बंद होतं, रोज बुडत होता, आणि त्यांच्या गावात त्यांचं काम आम्ही फुकट करत होतो. हे आमच्या ध्यानात आलं ते एका वयस्क गवंड्यामुळे. त्यांनी संध्याकाळी आमच्या भिंतीच्या कोपऱ्यात हात घातला आणि तो कोपरापर्यंत आत गेला. आम्ही बाहेरून एक थर, आतून एक थर लावला होता आणि मध्ये दगडगोटे भरले होते.

त्या भागातली घरं नेमकी याच पद्धतीने पडली होती. भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून रुंद. पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून नव्हता. मध्ये चुरा आणि माती. वर माळवदावर वर्षानुवर्षं टाकत आलेली पांढरी माती, पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी आणखी एक थर. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन थर फुगून सुटले आणि वरचं टनावारी ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कितीतरी घरांत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता आणि भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी लेकरांच्या खोलीसाठी आम्ही तशीच भिंत रचत होतो. त्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी आमचा कोपरा उतरवला. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर कसे बसवायचे, कोपऱ्यात दगडांची टोकं एकमेकांत कशी गुंतवायची, हे करून दाखवलं. बापाने शिकवलेलं होतं म्हणाले. पण गेल्या कित्येक वर्षांत लांब दगड घडवायला वेळ आणि पैसा लागतो म्हणून कुणी सांगतच नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही त्यांना आणि त्यांच्या माणसांना रोजाने लावलं आणि आमच्या जेवणाखाण्याचा, प्रवासाचा खर्च कमी करून तो पैसा तिथे वळवला. पुढे सरकारच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात हेच आरपार दगड, हेच कोपरे आणि माळवदावरची माती कमी करणं, या गोष्टी गावोगावच्या गवंड्यांना शिकवल्या गेल्या. आमच्याकडे हे काम शिकवू शकणारा माणूस पहिल्यापासून कट्ट्यावर बसलेला होता.

आता बचतगटाचं. मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे.

मार्गशीर्षात, म्हणजे शिवणवर्गाच्या आधीच, आम्ही बायकांचा गट केला. महिन्याला प्रत्येकीने दहा रुपये. तेव्हा बचतगट हा शब्द आजच्यासारखा घरोघरी गेलेला नव्हता. वही माझ्याकडे, पत्र्याची पेटी माझ्याकडे, आणि बँकेत खातं उघडलं त्यावर आम्हा दोन विद्यार्थिनींची सही. बँकेत शिकलेली माणसं असली की बरं पडेल, असं आम्हाला वाटलं आणि बायकांनीही मान डोलावली. त्यांच्यात एक सून सातवी पास होती. तिच्या सासूला ती घराबाहेर पैशाचे व्यवहार करते हे आवडणार नाही असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. सासूला विचारलं नाही.

मार्चमध्ये आमच्या परीक्षा आल्या. निघताना मी वही आणि पेटी कॉलेजच्या कपाटात ठेवली, सुरक्षित राहावी म्हणून. परीक्षा झाली, मग घरी लग्न निघालं, मग उन्हाळा. परत गेले ती मृग निघाल्यावर. गट भरलेलाच नव्हता. वही नाही तर पैसे कुठे लिहायचे, म्हणून बायकांनी दोन वेळा जमून नाद सोडून दिला होता. तेही समजण्यासारखं होतं. पण त्यातल्या एकीने पेरणीच्या बियाण्यासाठी सावकाराकडे कानातली फुलं गहाण टाकली होती, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. तिचे स्वतःचे पैसे, शिवाय गटाकडून मिळू शकलं असतं तेवढं कर्ज, बँकेत पडून होतं. काढायला माझी सही लागत होती आणि मी सोलापुरात होते.

तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. "तुमची परीक्षा व्हती ना," एवढंच म्हणाली. ती फुलं पुढच्या सुगीपर्यंत सुटली नाहीत. व्याजाची रक्कम मी देते म्हणाले तर तिने घेतली नाही.

त्या दिवशी मी वही आणली होती म्हणून सगळ्या बसल्या. मी एकेकीची नावं वाचायला लागले तर एका आजींनी मला थांबवलं आणि वहीशिवाय सगळा हिशेब तोंडी सांगितला. कुणी येळवशीच्या आदल्या दिवशी दिले, कुणी संक्रांतीला दोन महिन्यांचे एकदम दिले, कुणाचे शिमग्याला राहिले. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ती आमच्याकडची वेळ अमावस्या. लातूर-उस्मानाबादकडे त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, भाकरी आणि अंबिलाचं जेवण होतं. त्या वर्षीही लोक रानात गेले होते, माणसं कमी होती, पण गेले होते. आजींच्या सांगण्यात आणि माझ्या वहीत एका ठिकाणी फरक निघाला. चूक माझ्या वहीत होती. जिला अडाणी समजून आम्ही वहीपासून लांब ठेवलं होतं तिच्या डोक्यात गटाची अख्खी खतावणी होती.

वही त्या दिवशी त्या सातवी पास सुनेकडे दिली. सासूबाई काही म्हणतील या भीतीने मी आधी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी विचारलं, एवढे दिवस का दिली नव्हती? बँकेतली सही बदलायला मात्र महिने गेले. आम्ही सुरुवातीला जे करून ठेवलं होतं ते उलटवायला प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ लागला.

ज्यांनी हे काम नीट केलं त्यांचं नाव घेतलं पाहिजे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने १९९४ नंतर दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे केलं. सरकारची मदत किती, ती कोणत्या टप्प्यावर मिळते, सिमेंट किती लागतं, गवंड्याचं काम बरोबर झालं का, हे त्या बायका घरोघरी जाऊन समजावून देत आणि बघत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा तोवर तहसील कचेरीशी कधी संबंध आला नव्हता. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथल्या बायकांना आपले अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. आमच्या शिवणवर्गातून शेजारच्या गावात जाण्याइतकं बळसुद्धा कुणाला मिळालं नव्हतं. हराळीला ज्ञान प्रबोधिनीने शाळा काढली आणि नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी पोरक्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. ही मंडळी तिथे राहिली. आमच्यासारखी परीक्षेच्या वेळापत्रकावर आली-गेली नाहीत.

पुनर्वसनाच्या वेळची एक गोष्ट राहिली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. घराचं क्षेत्रफळ जमिनीवर ठरणार होतं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्यांना ७५०. आमच्या गावाचे अर्ज भरायला मदत आम्हीच केली. कुंभार, लोहार, शिंपी, कासार यांच्यापुढे आम्ही "भूमिहीन" लिहीत गेलो, कारण अर्जात धंद्याचा रकाना नव्हता. नियम आमचा नव्हता. पण कुंभाराला चाक आणि भट्टी कुठे मांडायची, लोहाराचा भाता कुठे ठेवायचा, शिंप्याची ओसरी रस्त्याला लागून नको का, हे ग्रामसभेत उठून बोलायला आम्ही तिथे होतो, अधिकारी समोर बसले होते, आणि आम्ही अर्जातली खाडाखोड तपासत होतो. शेतकऱ्याची जमीन भूकंपानंतरही जागेवर होती. कारागिराची जमीन म्हणजे त्याची ओसरी आणि त्याची बाजारगल्ली, आणि ती कायमची गेली. नवी गावं सरळ रस्त्यांची, मोकळी आणि सुरक्षित झाली, हे खरंच आहे आणि मोलाचं आहे. पण त्या रुंद रस्त्यांवर जुन्या गल्लीतलं गिऱ्हाईक परत जमलं नाही, आणि आमच्या गावातली कारागिरांची घरं एकेक करून शहराकडे गेली.

आम्ही वाईट वागलो असं मी म्हणत नाही. आमच्यातल्या मुलांनी तिथे थंडीत उघड्यावर रात्री काढल्या, कावीळ अंगावर काढली. पण आमची मेहनत खरी होती म्हणून तिचा परिणाम चांगला झाला असं होत नाही, आणि गावातल्या माणसांनी आम्हाला प्रेम दिलं म्हणून आमच्या हिशेबातली तूट भरून निघत नाही. गावाने आमच्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार आली असती तर कदाचित लवकर सुधारलो असतो. संकटातलं माणूस मदतीला आलेल्याला नाही म्हणत नाही, म्हणून त्याचा होकार हा पुरावा धरता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी निघणाऱ्या मुला-मुलींना आणि त्यांच्या प्राध्यापकांना माझं सांगणं आहे. पहिल्या आठवड्यात कॉलेजं ओस पाडून सगळे जाऊ नका, तेव्हा जाणारे पुष्कळ असतात. तिसऱ्या महिन्यात जा, तेव्हा कुणी नसतं. गेल्यावर भूकंपाच्या आदल्या दिवशी गावात कोण काय काम करत होतं त्याची आधी यादी करा, आणि त्यातलं प्रत्येक काम आज का बंद आहे ते त्या माणसाला विचारा. कपडे, भांडी, गणवेश वाटण्याआधी गावातला शिंपी, कुंभार आणि दुकानदार यांना भेटा, आणि शक्य असेल तर त्याच वस्तू त्यांच्याकडून विकत घेऊन वाटा. मशीन, मोटार, पिठाची गिरणी दुरुस्त करणारा एक मिस्त्री बरोबर न्या, त्याचा रोज देणगीतून द्या. गावात गवंडी असेल तर तुम्ही विटा उचलू नका. परीक्षेच्या काळात मागे कोण राहणार हे जाण्याआधी ठरवा. ठरत नसेल तर पैशाचं काम हातात घेऊ नका. आणि गटाचं खातं काढलंत तर पहिल्या दिवसापासून गावातल्याच बायकांच्या नावे काढा. त्यांना सही येत नसेल तरी अडत नाही. बँकेत अंगठा चालतो.